गाडीचा आयडल घरच्या घरी कसा सेट करायचा: पहिल्यांदाच स्क्रूला हात लावणाऱ्यांसाठी

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलं की गाडी बंद पडते, गेट उघडतं, मागचे सगळे हॉर्न मारतात आणि आपण किक मारत बसतो, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला आयडल, म्हणजे ॲक्सिलेटर सोडल्यावर उभ्या गाडीचं इंजिन ज्या वेगानं फिरत राहतं तो, वेगळा सांगायला नको. मग आपण गॅरेजला जातो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "मामा, सारखी बंद पडालीय, जरा रेस वाढवून द्या की." मामा हातातलं काम न सोडता एक स्क्रू अर्धा फेरा फिरवून देतात, इंजिन भणभणायला लागतं, पैसेही घेत नाहीत बऱ्याचदा, आणि आपण खूश. पुढं काही दिवसांत परत तेच, परत अर्धा फेरा, असं करत करत गाडी उभी असताना पण अशी ओरडते की जणू कोण ॲक्सिलेटर पिळून बसलाय, पहिला गिअर टाकला की खाड्‌कन आवाज येतो आणि पेट्रोल कुठं जातंय कळत नाही.

माझं ठाम मत असं की आयडलचा स्क्रू हा सगळ्यात शेवटी हात लावायचा स्क्रू आहे. गाडी बंद पडायचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडंच असतं, फिल्टर, प्लग, केबल, कार्बोरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) कचरा, इंजिनजवळचं चिरलेलं रबर, आणि रेस वाढवली की ते कारण तसंच राहतं, फक्त दिसायचं बंद होतं. पण बाकी सगळं ठीक असेल तर हे काम खरंच सोपं आहे, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक फडकं आणि थोडा धीर एवढ्यावर होतं, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आयडल म्हणजे आत नेमकं काय चाललेलं असतं

ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की कार्बोरेटरमधली स्लाइड खाली येते आणि हवेची वाट जवळजवळ बंद करते. पूर्ण बंद झाली तर इंजिन गुदमरून बंद पडेल, म्हणून एक स्क्रू त्या स्लाइडला खालून किंवा बाजूनं टेकलेला असतो आणि तिला बारीकशी फट ठेवायला लावतो. हाच आयडल स्क्रू. आत घुसवला की स्लाइड थोडी वर उचलली जाते, हवा जास्त, रेस जास्त. बाहेर काढला की उलटं. एवढ्या बारीक फटीत पेट्रोल मुख्य जेटमधून येत नाही, त्याच्यासाठी वेगळा छोटा जेट असतो, पायलट जेट म्हणतात त्याला, काहीजण स्लो जेट म्हणतात, आणि त्याचं भोक केसाएवढं बारीक असतं. हे लक्षात ठेवा कारण पुढं याचं काम पडणार आहे.

किती आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे, पाहिजेत? १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्यांना साधारण १३०० ते १५०० च्या मध्ये, स्प्लेंडर आणि शाईनला १४०० धरा, शंभर इकडं-तिकडं चालतंय. बुलेट ३५० ला हजार-अकराशेच्या आसपास. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, ते पुस्तक बहुतेकांच्या घरात आरसीच्या पिशवीत पडलेलं असतं, काढून बघा.

बुलेटवाल्यांना एक कळकळीनं सांगायचंय. डग-डग आवाज सुटा सुटा यावा म्हणून आयडल पार खाली आणून ठेवणारे आपल्या भागात भरपूर आहेत. ऐकायला बरं वाटतं, मान्य, पण इंजिन जेवढं हळू फिरेल तेवढा ऑइल पंप पण हळू फिरतो, वरच्या भागाला ऑइल कमी पोचतं, बॅटरी नीट चार्ज होत नाही. उभ्या गाडीचा आवाज छान येण्यासाठी इंजिन झिजवायचं हे मला पटत नाही.

आधी बघा तुमची गाडी कुठल्या जातीची आहे

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्या मोटरसायकली कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर (एफआय) गेल्या. त्यामुळं २०२० च्या नंतरची गाडी असेल तर ती एफआय आहे असं समजा, मीटरवर किल्ली फिरवल्यावर पिवळा इंजिनचा दिवा लागतो आणि विझतो, ती खूण.

एफआय गाडीत आयडल कॉम्प्युटर बघतो. इंजिन थंड असेल तर तो आपोआप रेस वाढवतो, गरम झालं की कमी करतो, त्यामुळं सकाळी चालू केल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटं रेस जास्त वाटली तर तो बिघाड नाही. थ्रॉटल बॉडीवर (एफआय गाडीत कार्बोरेटरच्या जागी असलेला, हवा आत सोडणारा भाग) एक स्क्रू दिसतो, बऱ्याचदा त्याला रंगाचा ठिपका मारलेला असतो, तो कंपनीत सेट करून बंद केलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. तो हलवला की थ्रॉटल सेन्सर जे "बंद" म्हणून ओळखतो तेच बदलतं आणि मग गाडी अशी काही वागते की स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं मशीन, लावल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. काही मोजक्या एफआय गाड्यांना आयडलसाठी वेगळी गुंडी किंवा हवेचा स्क्रू दिलेला असतो, पण पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच. एफआय गाडीचा आयडल बिघडला तर एअर फिल्टर, प्लग, बॅटरी आणि थ्रॉटल बॉडीत साठलेली काजळी, हे चार बघायचे. पिवळा दिवा विझत नसेल तर सरळ स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या. एफआयवाल्यांचं काम इथं संपलं, पुढचं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावात बघितलं तर अजून त्याच गाड्या जास्त दिसतात.

आणि एक, हिरोच्या काही गाड्यांना आयथ्रीएस नावाची सोय असते, न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभं राहिलं की इंजिन स्वतःहून बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं. गाडी जुन्या बाजारातून घेतलेली असेल तर नवीन मालकाला हे माहीतच नसतं आणि तो आयडल वाढवत बसतो. हँडलवर त्याचं बटन असतं, काम सुरू करायच्या आधी ते बंद करा.

स्क्रूच्या आधी

हा भाग लांब आहे पण हाच खरा महत्त्वाचा, म्हणून उडी मारून खाली जाऊ नका.

पहिलं चोक, म्हणजे थंड गाडी चालू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवायची सोय. चोकची दांडी अर्धवट ओढलेली राहिली असेल तर गाडी गरम झाल्यावर गुदमरते, काळा धूर टाकते आणि आयडलला धडधड करते. चोक केबलचा असेल तर केबल अडकून आत परत जात नाही असं पण होतं. दांडी बघून समाधान मानू नका, कार्बोरेटरजवळ वाकून तो पत्रा किंवा पिन खरंच जागेवर गेलीय का ते बघा.

दुसरं ॲक्सिलेटरची केबल. मूठ हळूच फिरवा, सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे आणि मग केबल ताणली जायला पाहिजे. मोकळीक नसेल तर केबलच स्लाइडला ओढून धरतीय, अशा गाडीत आयडल स्क्रू कितीही बाहेर काढा, रेस कमी होणार नाही. गाडी चालू करून हँडल पार डावीकडं आणि पार उजवीकडं फिरवा. फिरवताना रेस वाढली तर केबल ताठ आहे किंवा चुकीच्या जागेतून नेलीय, हे धोक्याचं पण आहे कारण वळणावर गाडी आपोआप पळते. मुठीजवळ आणि कार्बोरेटरवर केबलचा ॲडजस्टर असतो, त्याचा लॉक नट सैल करून मोकळीक द्या, परत नट आवळा. मूठ सोडल्यावर ती स्वतःहून टक्‌कन मागं आली पाहिजे. रेंगाळत असेल तर केबलमध्ये पावसाचं पाणी जाऊन गंज धरलाय, तेल सोडून बघा नाहीतर नवीन टाका, स्वस्त असते.

तिसरं एअर फिल्टर. खानापूरकडची लाल माती आणि ऊस चालू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागनं खायला लागणारी धूळ, याच्यात पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या बरंच आधी फिल्टर भरतो. साइडचं कव्हर काढून बघा. फोमचा असेल तर रॉकेल नाहीतर साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवायचा. कागदाचा असेल आणि हाताला तेलकट लागत असेल तर तो धुवायचाही नाही आणि हवा मारून साफ पण करायचा नाही, नवीनच टाकायचा. भरलेल्या फिल्टरनं हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि ते बघून आयडल सेट केला तर पुढं नवीन फिल्टर टाकल्यावर सगळं परत बदलतं. म्हणून फिल्टर आधी.

चौथं प्लग. काढून टोक बघा, फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडं काळं काजळ असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर भरलाय, पांढरंफटक असेल तर हवा जास्त जातीय, ओलं तेलकट असेल तर विषय इंजिनच्या आतला आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना गॅप ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या घरात लागते, नक्की आकडा पुस्तकातला घ्या. प्लग बसवताना आधी हातानं फिरवत न्या, आटे चुकले तर हेडचं काम निघतं.

पाचवं, आणि हे सगळ्यात जास्त सुटतं, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर किंवा जोड, ज्याला इनलेट मॅनिफोल्ड म्हणतात. जुन्या गाडीत ते चिरतं किंवा बोल्ट सैल होतात आणि तिथनं चोरून हवा आत जाते. लक्षण असं की मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, वरच लटकते, आणि आयडल कधी वर कधी खाली. तपासायला साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, गाडी आयडलला चालू ठेवून त्या जोडावर बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथनंच जातीय. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारणारे लोक मी बघितलेत, शेजारी तापलेला सायलेन्सर असताना हे करू नका, पाण्यानं काम होतंय.

सहावं कार्बोरेटरमधलं पाणी आणि कचरा. इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं उजेडात धरून बघा. तळाला वेगळा थर, थेंब किंवा गंजाचे कण दिसले तर गाडी बंद पडण्याचं कारण हातात आलं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टाकीत झाकणाच्या जुन्या रबरातनं पाणी जातं. पायलट जेटचं भोक केसाएवढं म्हटलं ते याच्यासाठी, एक कण बसला की आयडल गेला, बाकी गाडी पळताना मस्त पळते. पळताना छान पण मूठ सोडली की बंद, असं असेल तर नव्वद टक्के डोकं पायलट जेटवर चालवा, कार्बोरेटर साफ करायला द्या, आणि जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं, हवा मारून आणि क्लीनरनं साफ करायला सांगा.

टॅपेटबद्दल, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटीबद्दल, थोडक्यात. थंड असताना छान आणि तापल्यावर आयडलला बंद, परत गरम चालू व्हायला त्रास, असं असेल तर टॅपेट ताठ झालेत का ते बघून घ्या. ते इंजिन थंड असताना फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) करायचं काम आहे, नवशिक्यानं पहिल्याच दिवशी करू नये.

आता स्क्रू

गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणा. नुसती उभी करून तापवू नका, हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या उभ्या जास्त तापतं आणि सगळीकडं सारखं तापत नाही. थंड इंजिनवर सेट केलेला आयडल तापल्यावर दोन-तीनशेनं वर जातो, म्हणून हे गरम इंजिनवरच करायचं काम.

आपल्याकडं जुन्या घरात गाडी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, लावतात. तिथं करू नका. सायलेन्सरमधनं येणाऱ्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेतो. अंगणात किंवा गल्लीत मोकळ्यावर, सपाट जागेत, मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बारकी पोरं सायलेन्सरच्या बाजूला नकोत, गळ्यातला टॉवेल, ओढणी काढून ठेवा.

आता कार्बोरेटरकडं वाका. टाकीच्या खाली, इंजिनच्या मागं, ॲक्सिलेटरची केबल जिथं वरनं आत जाते तो. त्याच्या अंगावर बाहेरनं दोन स्क्रू दिसतात. एक मोठा, मधोमध, खाली स्प्रिंग असलेला, काही गाड्यांत हातानं फिरेल अशी काळी गुंडी असते, काहींत पितळी डोकं, हा आयडलचा. दुसरा बारीक, बऱ्याचदा खड्ड्यात बसलेला, तो मिक्स्चरचा, म्हणजे आयडलला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा, त्याला अजून शिवायचं नाही. कोणता कुठल्या बाजूला ते गाडीगणिक बदलतं. शंका असेल तर मोठा वाटणारा पाव फेरा आत फिरवा, रेस त्याच क्षणी वाढली तर तोच, परत जागेवर आणा.

फिरवायच्या आधी स्क्रूच्या खाचेच्या दिशेला कार्बोरेटरच्या अंगावर मार्कर पेननं एक रेघ मारा. काही चुकलं तर निदान होतं तिथं परत येता येतं, आणि ही एक रेघ किती डोकेदुखी वाचवते ते जेव्हा लागेल तेव्हा कळतं.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की रेस वाढते, उलट फिरवलं की कमी. एका वेळी पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नाही. पाव फेरा दिला की थांबा, दहा-पंधरा सेकंद ऐका, मूठ एकदा हलकी पिळून सोडा आणि रेस कुठं येऊन बसते ते बघा, मगच पुढचा पाव फेरा. नवशिके इथंच घाई करतात, फिरव फिरव करतात, इंजिनला स्थिर व्हायला वेळच देत नाहीत आणि मग म्हणतात कळतच नाही.

आरपीएम मीटर असलेल्या गाडीत काम सोपं. नसेल तर दोन उपाय आहेत. ऑनलाइन एक छोटं डिजिटल मीटर मिळतं, त्याची वायर प्लगच्या वायरला गुंडाळायची की आकडा दिसतो. एकच भानगड, बऱ्याच सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक गाड्यांत ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, मीटरमध्ये तसं सेटिंग नसेल तर तो दुप्पट नाहीतर निम्मा आकडा दाखवतो. २८०० दिसलं म्हणून दचकू नका, सेटिंग बदला.

दुसरा उपाय कान. आयडल पार खाली न्या, जिथं इंजिन ठोके चुकवायला लागतं, मडगार्ड थरथरतं, हँडलचं टोक हलतंय दिसतं आणि आता बंद पडतीय की काय वाटतं. तिथनं पाव-पाव फेऱ्यानं वर या. एका जागी थरथर अचानक कमी होते, आवाज एकसारखा होतो, टाकीवर हात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं न वाटता शांत वाटतं. तिथनं अजून थोडासा, आठवा भाग फेरा म्हणा, वर ठेवा आणि सोडा. जुन्या गाड्यांत हेडलाइट इंजिनवरच चालतो, तो आयडलला अगदीच मंद होऊन लुकलुकत असेल तर अजून खाली आहे. उलट पहिला गिअर टाकताना गाडी पुढं झेप घेत असेल, खाड आवाज येत असेल, उतारावर मूठ सोडली तरी इंजिन गाडीला धरत नसेल तर वर झालंय.

जास्त वेळ उभ्यानं चालवू नका. चार-पाच मिनिटांत जमलं नाही तर एक चक्कर मारून या, तेवढ्यात इंजिनला वारा लागतो.

मिक्स्चरचा स्क्रू, गरज असेल तरच

आयडल जागेवर आला पण इंजिन अजून हुंदके देतंय, किंवा मूठ पिळली की क्षणभर अडखळतंय, आणि वरच्या सहा गोष्टी खरंच तपासून झाल्यात, तेव्हाच इकडं वळा. बीएस ४ च्या, म्हणजे बीएस ६ च्या आधीच्या नियमांच्या, काही गाड्यांत हा स्क्रू टोपण मारून बंद केलेला असतो, तो फोडू नका.

हा स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि दिशा उलटी असते, म्हणून लोकांचा घोळ होतो. स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की पेट्रोल जास्त. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की हवा जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोकला हा दुसरा प्रकार.

इंजिन बंद करून आधी मोजा. स्क्रू हळूहळू आत फिरवत न्या आणि किती फेरे गेले ते वहीत लिहा, उदाहरणार्थ पावणेदोन. आत टेकला असं जाणवलं की तिथंच सोडा, दोन बोटांच्या जोरापेक्षा जास्त जोर नको. त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबून आवळलं तर टोक पण जातं आणि ज्या भोकात बसतं ते पण, मग कार्बोरेटर बदलायची पाळी. नंतर लिहिलेल्या फेऱ्यांएवढा परत बाहेर काढा. आधीच्या कुणी पार वाट लावून ठेवली असेल तर दीड ते दोन फेरे ही बहुतेक गाड्यांना सुरुवात म्हणून चालते.

आता गरम इंजिन चालू करा, आयडल स्क्रूनं रेस थोडी वर ठेवा. मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा एका दिशेला, प्रत्येक वेळी थांबून ऐकत. एका जागी रेस आपोआप सगळ्यात वर आणि आवाज सगळ्यात गुळगुळीत होतो, तिथनं पुढं गेलं की परत पडायला लागते. दोन्ही बाजूंनी जाऊन ती मधली जागा शोधा आणि तिथं सोडा. मग आयडल स्क्रूनं रेस परत खाली १४०० वर आणा. मूठ झटकन पिळून सोडा. रेस सरळ खाली येऊन जागेवर बसली तर जमलं. वर लटकून सावकाश आली तर हवा जास्त आहे, आयडलच्या खाली बुडी मारून परत वर आली तर पेट्रोल जास्त आहे. पाव फेऱ्याच्या आतच फरक द्यायचा.

आपल्या हवेचं आणि पेट्रोलचं

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. चोर्ला घाटातनं गोव्यात उतरलं की हवा दाट होते आणि इथं सेट केलेली गाडी तिथं जराशी वेगळी वाजते. त्याच्यासाठी म्हापशाला थांबून स्क्रू फिरवायची गरज नाही, वर आलं की परत जागेवर येतं. थंडीचं पण तसंच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खानापूर, चंदगडच्या बाजूला गाडी चोकशिवाय चालू होत नाही आणि पहिला किलोमीटर बंद पडते, म्हणून आयडल वाढवायचा नाही, चोक त्यासाठीच दिलाय, मिनिट-दीड मिनिट ओढा आणि न विसरता परत ढकला.

पेट्रोलचा विषय मात्र खरा आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, इथेनॉल इथंच बनतं, आणि २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप थोडं हवेकडं झुकतं, एफआय गाडी ते बऱ्यापैकी सांभाळून घेते, कार्बोरेटर नाही घेत. पूर्वी मस्त चालणारी गाडी गेल्या एक-दोन वर्षांत आयडलला अडखळायला लागली आणि बाकी सगळं ठीक आहे तर मिक्स्चर पेट्रोलच्या बाजूला आठवा भाग ते पाव फेरा देऊन बघण्यासारखं आहे. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं आणि जुनी रबरं खराब करतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत त्याला टिकेल असं मटेरियल आहे, आधीच्यात असेलच असं नाही. म्हणून जुनी गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा, परत चालू करताना अर्धा त्रास कमी होतो.

सेट झालं की

लगेच खूश होऊन हत्यारं आत टाकू नका. हँडल परत दोन्हीकडं फिरवून रेस बदलत नाही ना बघा. गर्दीतनं एक चक्कर, आरपीडी क्रॉसपासून गोवावेसपर्यंत म्हणा, थांबत-सुटत. मग थोडा चढ, येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता यासाठी चांगला, वर जाताना इंजिन तापतं आणि वर पोचून मूठ सोडली की आयडलचं खरं काय ते कळतं. तिथं पण स्थिर राहिली तर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चोक ओढून चालू करून बघा, चोक काढल्यावर मिनिटभरात स्वतःच्या जिवावर उभी राहिली पाहिजे.

रोजच्या वापरात दोन-चार दिवसांत आयडल परत खाली आला तर स्क्रूला दुसऱ्यांदा हात लावू नका. स्प्रिंग कमजोर होऊन स्क्रू स्वतःच फिरतोय का ते मार्करच्या रेघेवरनं लगेच कळतं. रेघ जागेवर असेल तर बिघाड वरच्या सहातला कुठला तरी आहे. गॅरेजला न्यायची वेळ आली तर लक्षण सांगा, तापल्यावर बंद पडते, की थंडीत, की मूठ सोडल्यावर रेस लटकते, आणि काय काय तपासलंय ते पण सांगा, म्हणजे समोरचा माणूस त्याच दिशेनं हात घालतो.

मिक्स्चरला हात लावला असेल तर एकदा एमिशन टेस्ट (पीयूसी) करून घ्या, मुदत शिल्लक असली तरी. त्या मशीनची नळी आयडलला चालू असलेल्या गाडीच्याच सायलेन्सरमध्ये घालतात, म्हणजे तुम्ही जे सेट केलंय नेमकं तेच ती मोजते. पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) असे दोन आकडे येतात. सीओ जास्त आला तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ कमी आणि एचसी जास्त आला तर ठिणगी चुकतीय किंवा हवा जास्त आहे, प्लग आणि रबर परत बघा. ती पावती आणि स्क्रूचे फेरे लिहिलेली वही एकत्र ठेवा, पुढच्या वेळी मोजायला सुरुवात कुठनं करायची ते आधीच लिहिलेलं असेल.